पदरात घ्या

वैजयंतीला कुणी विचारलं असतं, की बाई गं, त्या घरी जायची बुद्धी तुला कुणी दिली, तर तिला उत्तर देता आलं नसतं. असल्या गोष्टीला बुद्धी लागतच नाही. माणूस मेलं आणि त्या मरणात आपलं नाव निघालं की उठायचं आणि जायचं. तिच्या आईनं हेच केलं असतं, सासूनं हेच केलं असतं. जेऊरला तिच्या माहेरी एकदा त्यांच्या बैलानं शेजारच्या पोराला ढकललं होतं. पोराला धड खरचटलंही नव्हतं, तरी तिचा बाप संध्याकाळी टोपी हातात घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलं आमचं, पदरात घ्या." शेजारी म्हणाला, "बैलाला काय कळतंय." मग दोघांनी ओट्यावर बसून तंबाखू मळली. त्या शब्दांचा अर्थ एवढाच असतो. चूक नक्की कुणाची, पोराची की बैलाची, याची चौकशी त्यात कुणी करत नाही.

पण हे जेऊरला. सोलापुरातही अगदी कालपरवापर्यंत. आता माणसाच्या हातात फोन आला आहे आणि फोनला रीतभात कुणी शिकवलेली नाही.

अशोक चौकाच्या आतल्या गल्लीत, पत्र्याच्या दोन खोल्यांत वैजयंतीचा उद्योग होता. धपाटे, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. नवरा सयाजी सूतगिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा तो घरात बसून भिंतीकडं बघायला लागला. तेव्हा हिनं शेजारणीचा तवा मागून आणला आणि धपाटे थापायला घेतले. हळूहळू गंगम्मा आली, जी आधी विड्या वळायची. अक्कलकोटकडची शरणम्मा आली. आणखी चारपाच जणी आल्या. ज्वारी मंगळवेढ्याची, दही रोजच्या रोजचं. सयाजी भिंत सोडून स्कूटरवर बसला आणि दुकानादुकानात पुडे टाकू लागला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं जुने धपाटेवाले तिच्याबद्दल म्हणत. ते ऐकून तिला बरं वाटे.

आणि मग एका दुपारी पुड्यावरच्या नंबरवर फोन आला. "तुमच्या धपाट्यांनी माझा बाप मारला," एवढंच तो माणूस म्हणाला आणि रडायला लागला.

माणसाचं नाव शिवराज. पुण्यात नोकरीला. त्याचे वडील कुंडलिकराव मूळचे मोडनिंबचे. पोराच्या शिक्षणासाठी सोलापुरात आले ते इथलेच झाले. साखरेचा आजार, पथ्यपाणी, आणि सांभाळायला बायको बजाबाई. धपाटे खाल्ले, रात्रीपासून उलट्या-जुलाब सुरू झाले, दवाखान्यात नेलं, तिथं वैजयंतीचे कालचे ताजे धपाटे खाल्ले एवढं त्यांनीच सांगितलं, आणि तिथून म्हातारा घरी आला तो चौघांच्या खांद्यावर जाण्यासाठीच. डॉक्टरांनी कागदावर अन्नातून विषबाधेचा संशय लिहिला. नुसता संशय. पण बाप गेलेल्या पोराला संशय पुरतो, त्यातून गेल्या दिवाळीपासून तो बापाला भेटायला आलेला नसेल तर जास्तच पुरतो.

वैजयंतीच्या हातातलं पीठ हातातच वाळलं. त्या आठवड्यातले धपाटे तिनं स्वतः खाल्ले होते, सयाजीनं खाल्ले होते, गंगम्माच्या नातवंडांनी खाल्ले होते. कुणाला साधी ढेकर वाकडी आली नव्हती. तरी तिनं मळलेलं पीठ बाजूला सारलं. आपल्या हातचं खाऊन माणूस गेलं असेल, या विचाराशी कसं जगायचं असतं हे तिला माहीत नव्हतं.

"मला त्या घरी सोडा," ती सयाजीला म्हणाली.

"आगं, सुतक हाय त्यांच्यात. तोंडावर दार लावतील."

"लावू द्यात."

सयाजी गल्लीच्या तोंडाशी स्कूटरवर बसून राहिला. ती डोक्यावरून पदर घेऊन आत गेली. सतरंजीवर पाचसहा बायका होत्या. भिंतीला टेकून बजाबाई बसलेल्या, कपाळ उघडं, हात मांडीवर उपडे. वैजयंतीनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि तिचा बांध फुटला.

"आई, चुकलं आमचं. आमच्या हातनं झालं आसंल तर पदरात घ्या. चुकलं आमचं."

बजाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. हात हलका होता. वैजयंतीचं रडणं हळूहळू थांबलं. उंबऱ्यात शिवराज उभा होता, हातात फोन होता. तर आता कुणाच्या हातात फोन नसतो? निघताना तिनं 'येते' म्हटलं नाही, कारण सुतकाच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत. उठली आणि गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दोन दिवसांनी तिचंच रडणं तिला फोनवर ऐकू आलं. कुणीतरी गटावर टाकलं होतं, त्यानं दुसऱ्या गटावर, तिथून शहरभर. चित्र नव्हतं, फक्त आवाज. 'धपाटेवाल्या बाईची कबुली' असं वर लिहिलेलं. चुकलं आमचं, आमच्या हातनं झालं... 'आसंल तर' तेवढं हुंदक्यात बुडालेलं, कान देऊन ऐकलं तरच कळणारं. आणि लोक काय कान देऊन ऐकतात?

दुकानदारांनी पुडे परत पाठवले. काहींनी दुकानापुढून जाणाऱ्या सयाजीकडं पाहिलंही नाही. एका हॉटेलनं कडक भाकरीची मोठी मागणी द्यायचं कबूल केलं होतं, त्यांचा निरोप आला, की प्रकरण मिटेपर्यंत थांबू. तवे थंड पडले. बायका सवयीनं सकाळी यायच्या, एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या आणि शेंगा निवडल्यासारखं करून दुपारी जायच्या. त्या पत्र्याखाली वैशाखात चूल पेटलेली असताना जेवढं तापायचं नाही, तेवढं आता विझलेल्या चुलीनं तापू लागलं.

मग ग्राहक आयोगाची नोटीस आली. तक्रारदार शिवराज, विरुद्ध पक्ष वैजयंती. माल सदोष, त्यातून मृत्यू, भरपाई मिळावी, उत्पादन बंद करावं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. पण पायरीच घरी चालत आल्यावर शहाण्यानं काय करावं, हे त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

नव्या पेठेत अॅडव्होकेट उत्कर्षा यांचं कार्यालय होतं. छोट्या धंदेवाल्यांची कायद्याची कामं त्या बघत. परवाने, करार, नोटिसांना उत्तरं. वैजयंतीची त्यांच्याशी जुनी ओळख. पुड्यावर तयार केल्याची तारीख आणि 'तीन दिवसांत संपवा' हे ठळक छापायला लावलं होतं ते यांनीच. तेव्हा वैजयंती कुरकुरली होती, "शिळं झाल्यालं मानसाला वासावरनं कळतंय की, म्याडम." उत्कर्षा म्हणाल्या होत्या, "माणसाला कळतं हो, पण कायद्याला नाक नसतं."

आता त्यांनी कागद दोनदा वाचले आणि चष्मा काढला.

"हे बघा वैजयंतीताई. पुडा त्यांच्याकडे नाही. तपासणी झालेली नाही. आदल्याच दिवशी ताजा घेतला होता असं ते म्हणतात, पण पावती नाही. त्याच मालाबद्दल दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. ही केस उभीच राहत नाही."

वैजयंतीच्या जिवात जीव आला.

"फक्त एक सोडून," उत्कर्षा म्हणाल्या. "हा आवाज. तुम्ही गेला होतात का त्यांच्या घरी?"

आता या ठिकाणी काय झालं, ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं इथंच बिघडलं. उत्कर्षांनी साधा प्रश्न विचारला होता. त्यांच्या मनात उत्तरही तयार होतं, की समाचाराला गेलेलं माणूस असं बोलतंच, ही आपल्याकडची रीत आहे, आयोगातली माणसंही इथलीच आहेत, त्यांना आपण समजावून सांगू. पण वैजयंतीच्या कानात एवढंच शिरलं होतं, की हा आवाज नसता तर केस उभी राहिली नसती. आणि त्याच सकाळी गंगम्मानं तिला विचारलं होतं, "अक्का, मी परत विडी वळायला जाऊ काय? तू सांगून टाक. मला वाईट नाही वाटणार." वाईट वाटणार नाही म्हणताना गंगम्मानं बोटं पदराखाली लपवली होती. तंबाखूनं पिवळी झालेली ती बोटं आत्ता कुठं पीठ मळून स्वच्छ झाली होती.

"न्हाय," वैजयंती म्हणाली.

"नाही?"

"मी गेलेच न्हाय. त्यो आवाज माजा न्हाय."

उत्कर्षांनी खुर्ची पुढं ओढली.

"ताई, वकिलाला आणि डॉक्टरला खरं सांगावं. गेला असाल तरी काही बिघडत नाही, मी ते मांडू शकते. पण हे प्रतिज्ञापत्रावर जाणार आहे. शपथेवर खोटं सांगितलं तर तो गुन्हा होतो. परत विचारते."

परत विचारलं तेव्हा खरं सांगता आलं असतं. पण एकदा नाही म्हटलेलं माणूस दुसऱ्यांदा हो म्हणायला लाजतं, आणि लाजेपायी मोठमोठी घरं बुडालेली आहेत, हिच्या तर दोन खोल्या. ती म्हणाली, "गळ्याची आन. मी न्हवतेच."

पंचेचाळीस दिवसांच्या पुढं लेखी म्हणणं द्यायला आयोगसुद्धा मुदत देत नाही, म्हणून कागद लगेच तयार झाले. 'मी तक्रारदाराच्या घरी कधीही गेलेली नाही. ध्वनिमुद्रणातील आवाज माझा नाही.' वैजयंतीनं सही केली. घरी येताना स्कूटरवर सयाजीला तिनं सगळं सांगितलं. तो सिग्नलला थांबला होता. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी तो थांबूनच होता.

"तू गेलीच न्हाईस," तो म्हणाला, "तर मग मी त्या गल्लीत कुणाला सोडाया गेल्तो?"

पुन्हा तो या विषयावर कधी बोलला नाही. पण जेवताना ताटाकडं बघायला लागला, पूर्वी भिंतीकडं बघायचा तसा.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तरी हा गोटा लगेच बसला नाही. उलट थोडे दिवस बरे गेले. 'तो आवाज त्या बाईचा नव्हताच' असंही गटागटांवर फिरलं. दोनतीन दुकानदारांनी थोडे थोडे पुडे ठेवून घेतले. शरणम्मा तव्यावर पाणी शिंपडून कानडीत काहीतरी गुणगुणली. वैजयंतीला वाटलं, सुटलो. आणि मग उत्कर्षांचा फोन आला, की शिवराजनं अर्ज दिला आहे. विरुद्ध पक्ष खोटं बोलतोय, ती बाई आली होती, माझ्या आईच्या पाया पडली, आईला बोलावून विचारा. आयोगानं अर्ज मंजूर केला होता.

"एकच माणूस आता सगळं ठरवणार," उत्कर्षा म्हणाल्या. आवाज कोरडा होता. त्यांना कळलं होतं की काय कोण जाणे. "त्या 'नाही' म्हणाल्या तर तक्रार संपल्यात जमा. 'हो' म्हणाल्या तर केस तर जाईलच, पण खोट्या शपथेचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

त्यानंतरचे दिवस वैजयंतीनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. मीठ टाकलं की नाही ते आठवेना. कुणी 'आई' अशी हाक मारली की दचकायची. एकदा तर धपाटे थापता थापता उठली आणि कुणाला न सांगता बजाबाईंच्या गल्लीकडं चालत निघाली. पाय धरायचे आणि म्हणायचं, आई, मी आले नव्हते असं सांगा. एवढं एकदा सांगा, जन्मभर तुमच्या दारात राबते. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचली आणि पाय थांबले. लांबवर, अंगणात, बजाबाई वाळवण उलटत होत्या. त्यांनी मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि थेट कोपऱ्याकडं पाहिलं. एवढ्या लांबून त्यांनी आपल्याला ओळखलं, हे वैजयंतीला तिथं उभ्या उभ्या कळलं. दोघी तशाच बघत राहिल्या. आतून कुणीतरी हाक मारली तशा बजाबाई वळल्या. वैजयंती माघारी आली. ज्या पायांवर एकदा खरं डोकं ठेवलं, त्यांच्यावर आता खोट्यासाठी कसं ठेवायचं?

तारखेच्या दिवशी आयोगाच्या त्या खोलीत वरचा पंखा मोठा आवाज करत होता. समोर अध्यक्ष आणि सदस्य बसलेले. वैजयंती भिंतीकडेच्या बाकावर, शेजारी उत्कर्षा, मागं सयाजी. शिवराज आईचा दंड धरून तिला घेऊन आला. बजाबाईंनी पांढऱ्यावर बारीक निळ्या फुलांचं लुगडं नेसलं होतं, आणि काखेत कापडी पिशवी घट्ट धरली होती. आल्या आल्या त्यांनी वैजयंतीकडं पाहिलं. नजर रागाची नव्हती. उलट काहीतरी सांगायला निघालेलं माणूस बघतं, तशी होती. वैजयंतीनं मान खाली घातली.

त्यांना खुर्ची दिली. अध्यक्ष सावकाश बोलत होते.

"आजी, घाबरू नका. तुमचे मालक वारले, त्यानंतर घरी एक बाई आल्या होत्या, तुमच्या पाया पडल्या, असं तुमच्या मुलाचं म्हणणं आहे. त्या बाई इथं आहेत का?"

"ताई, डोक्यावरचा पदर जरा मागं घ्या," शिवराजचे वकील म्हणाले.

वैजयंतीनं पदर मागं घेतला. उघड्या तोंडानं चारचौघांत बसायला तिला कधी लाज वाटली नव्हती. आज कुणी कातडं काढून घेतल्यासारखं झालं.

बजाबाई म्हणाल्या, "ह्यांचं काय म्हननं हाय, सायेब?"

"त्या म्हणतात, आम्ही त्या घरी गेलोच नाही."

"न्हाय म्हनत्यात?" बजाबाईंना ते पोचायला वेळ लागला. "गेलोच न्हाय म्हनत्यात?"

"हो. प्रतिज्ञापत्रावर तसं लिहून दिलंय."

"म्हंजी शपथ घिऊन?"

"शपथ घेऊन."

"आन् मी म्हनलं, आल्या व्हत्या, तर मग?"

शिवराजच्या वकिलांना राहवलं नाही. "तर त्यांनी खोटी शपथ घेतली असं होईल, आजी. त्याला शिक्षा असते. तुम्ही खरं काय ते सांगा."

बजाबाईंनी काखेतली पिशवी मांडीवर घेतली, तिचे बंद चाचपले, पुन्हा काखेत धरली. मग वैजयंतीकडं पाहिलं. या वेळी वैजयंतीनंही पाहिलं. तिच्या तोंडावर काय दिसत होतं ते तिला माहीत नव्हतं. पण जे होतं ते सगळं दिसत असणार, कारण लपवायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. त्यात गंगम्माची बोटं होती, थंड तवे होते आणि भीती होती, नुसती आंधळी भीती.

"न्हाय सायेब," बजाबाई म्हणाल्या. "ह्या न्हवत्या."

"आई!" शिवराज उठला.

"आपण बसा," अध्यक्ष म्हणाले. "आजी, नीट आठवून सांगा."

"काय आठवू, सायेब? डोळ्यास्नी दिसत न्हाय मला. मोतीबिंदू हाय. बाया लई आल्या, लई गेल्या, कोन पाया पडलं आन् कोन न्हाय. पोराला मीच काय बी बोलले आसंन." त्यांनी दोन्ही हात जोडले आणि कपाळाला टेकवले. "चुकलं माजं. पदरात घ्या."

ते शब्द त्या खोलीत पडले आणि वैजयंतीला वाटलं, आता उठायचं. आत्ता. आजी खोटं बोलतायत, साहेब, मी गेले होते, मीच होते ती, एवढंच म्हणायचं. उठ, असं तिनं स्वतःला सांगितलं. परत परत सांगितलं. पण तिचे हात बाकाच्या कडेला धरलेले होते ते सुटेनात, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारं माणूस जसं बसतं तशी ती बसून राहिली. फरक एवढाच, की तिचं तोंड दुसऱ्या कुणी दाबलेलं नव्हतं. कारकुनानं बजाबाईंचं बोलणं लिहून घेतलं, त्यांना सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं. पुढची तारीख पडली. पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

बाहेर आल्यावर उत्कर्षा एवढंच म्हणाल्या, "आता त्यांच्याकडे काही उरलं नाही. केस आपलीच आहे." त्यांनी वैजयंतीकडं बघायचं टाळलं आणि फाईल घेऊन निघून गेल्या. पायऱ्यांवर शिवराजचा आवाज चढला होता.

"एका परक्या बाईसाठी तू मला सगळ्यांपुढं खोटं पाडलंस. माझ्या मेलेल्या बापाला खोटं पाडलंस. आता राहा तू तिच्याच घरी. मी काही परत यायचो नाही."

गाडीचं दार आपटलं आणि तो गेला. बजाबाई फाटकाजवळ लिंबाखाली एकट्याच उभ्या राहिल्या. वैजयंती धावत सुटली. चपलेचा अंगठा तुटला, चप्पल तिथंच पडली.

"आई..."

"तू व्हय," बजाबाई म्हणाल्या. "पानी हाय का गं तुज्यापाशी? घसा लई सुकला बघ."

वैजयंतीनं बाटली दिली. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. बजाबाई प्यायल्या, तोंड पुसलं.

"आई, तुमी असं का केलं? पोरगं तुटलं तुमचं."

"तुज्याचसाठी आल्ते की मी." त्या अगदी सहज बोलत होत्या, जणू वाळवणाचं सांगावं तसं. "पोराचा हट व्हता, पर मी आल्ते ती माजं सांगाया. आगं, ह्येनी ताजं खाल्लंच न्हवतं. डाक्टरनं तेलकट बंद क्येल्तं, म्हनून माज्या चोरून पुडा आनून टरंकंत धोतराखाली दडवून ठिवल्ता. माती सावडून आल्यावर टरंक उघाडली तवा घावला. हाय ह्यो हितं, पिशवीत. मी चौथी शिकल्याली हाय. तीन दिसांत संपवा, आसं लिवलंय. ती तारीख बघितली आन् मला कळलं, कवाच इटून गेल्यालं खाल्लं त्येनी. पोराला सांगू वाटंना. मेल्याल्या मानसाला चोरून खानारा कसं म्हनायचं? पर तुजं वाटुळं व्हाया लागलं तवा म्हनलं, न्हाय, सायबापुढं सांगायचं. ही पोर आल्ती, रडली, तिची चूक न्हाय, आन् ह्यो पुडा बघा."

वैजयंतीच्या कानात पंखा फिरत होता.

"मग सांगितलं का न्हाय?"

"कसं सांगू? तू शपथ घिऊन बसलीस, गेलेच न्हाय म्हनून. तू आल्तीस म्हनलं तर तुला धरून नेत्यात. म्हनून ह्या न्हवत्या म्हनलं, डोळ्याला दिसत न्हाय म्हनलं. मग पुड्यावरची तारीख वाचली म्हनून कुटल्या तोंडानं सांगू?" त्यांनी पिशवीवरून हात फिरवला. "तू नुसतं व्हय म्हनायचं व्हतंस गं."

खरं वैजयंतीकडं चालत आलं होतं, काखेत पुरावा घेऊन, आणि तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. आणि ते दार तसंच लावलेलं राहावं म्हणून या म्हातारीनं आपलं पोर घालवलं. ती खाली बसली. तिनं बजाबाईंचे पाय धरले.

"आई, चुकलं माजं..."

बजाबाई पटकन वाकल्या आणि त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. तोच हलका हात. त्यांनी फाटकाकडं पाहिलं, चहाच्या गाड्यावरच्या माणसांकडं पाहिलं, मग तिच्या कानाशी हळूच म्हणाल्या,

"नगं. हितं नगं म्हनूस, पोरी. कुनीतरी फोनमधी धरंल."

धुळीत लोळणारा तिचा पदर उचलून त्यांनी तिच्या खांद्यावर टाकला, रिक्षाला हात केला आणि चढून बसल्या. पिशवी काखेतच होती.

सयाजी स्कूटर घेऊन आला. तुटकी चप्पल त्यानं उचलून हँडलला अडकवली होती.

"काय म्हनली म्हातारी?" त्यानं विचारलं.

वैजयंती मागं बसली, आणि सगळ्या रस्त्यात तिनं तोंडावर पदर धरून ठेवला.